फळीवरच्या पाच जागा

१

सहावे पोते ठेवले आणि फळी मोडली.

आवाज मोठा नव्हता. वाळकी काठी गुडघ्यावर मोडावी तसा एकच कोरडा तडाखा झाला आणि वीस-वीस किलोंची वाळूची सहा पोती फरशीवर आली. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या अरिहंत शेटे यांच्या शेडमध्ये त्या वेळी आठ माणसे उभी होती. २००३ च्या डिसेंबरातला तो सोमवार होता.

फळी सहा फूट लांबीची आणि काळीभोर होती. मध्ये फेसाचा हलका गाभा, वर-खाली कार्बनच्या धाग्यांचे पातळ थर. रुग्णाला क्ष-किरण यंत्राखाली निजवायचे ते अशाच फळीवर, कारण कार्बनमधून किरण अडथळ्याविना आरपार जातात. आजवर अशा फळ्या परदेशातून येत. कोल्हापुरात बनलेली ही पहिली. तिने दहा पोती तासभर पेलली असती, तर पुण्याच्या एका वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीने वर्षाचे काम शेटे यांच्या शेडला दिले असते.

त्या कंपनीचे इंजिनिअर गोगटे यांनी वहीत आकडा लिहिला आणि शांतपणे वही मिटली. त्यांना हुबळीला जाऊन गुरुवारी परत यायचे होते. फळी मुळातच कच्ची निघाली असेल तर विषय संपला, असे ते म्हणाले. ती चांगली होती आणि नंतर कशाचा तरी मार लागला, असे असेल तर तसा पुरावा दाखवा, मग दुसऱ्या फळीची चाचणी घेतो.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सुपरवायझर बाबगोंडा पाटील बोलले.

"बुधवारी लाईट गेलती. चाळीस मिनिटं भट्टी थंड. तवाच मी म्हटलं हुतं, ही फळी काढून टाका. पोरगी ऐकत न्हाय."

पोरगी म्हणजे निशा कुरणे. मुरगूडची, पदविकाधारक, सव्वीस वर्षांची. धागे अंथरण्यापासून भट्टीच्या तापमानापर्यंत त्या फळीचे सारे काम तिचे होते. वीज जाताच तिने तीन मिनिटांत जनरेटर लावला होता आणि भट्टीचा पारा उतरू दिला नव्हता. पण तशी नोंद तिच्याच हातची होती, आणि मोडलेली फळी सगळ्यांच्या समोर पडली होती.

अरिहंत शेटे यांनी खाली बघत सांगितले की गुरुवारपर्यंत तिने भट्टीला हात लावू नये. गुरुवारनंतर काय, हे त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

निशाने कोपऱ्यातली एक निळी वही उचलली आणि विचारले, "त्रिशला मॅडमना फोन करू का, सर? ह्यात तिन्ही दिवसांचे आकडे आहेत. अजून कुणी पडताळले नाहीत."

२

डॉ. त्रिशला खोत कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. पंचेचाळिशीच्या, अंगाने किडकिडीत, बोलण्यात सावकाश. दुपारच्या तासिका आटोपून त्या शेडवर पोहोचल्या, तेव्हा मोडकी फळी ताडपत्रीखाली झाकलेली होती. त्यांनी ताडपत्री काढायला लावली.

फळीच्या चारही कडांना केसाएवढ्या तांब्याच्या तारा चिकटवलेल्या होत्या. शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेले मीटर, चांदीचा रंग आणि निशाचा स्थिर हात एवढ्यावर ती जोडणी उभी होती. कल्पना त्रिशलाबाईंची होती आणि दोन वर्षे त्या तिच्यामागे होत्या. त्यांनी ती अरिहंत शेटे यांना पुन्हा समजावून सांगितली.

कार्बनच्या धाग्यातून वीज वाहते, भोवतीच्या राळेतून वाहत नाही. धागे अखंड असतील तर वीज सरळ पलीकडे जाते. कुठे धागे तुटले किंवा थर एकमेकांपासून सुटले, तर तिला वळसा घालावा लागतो आणि त्या वाटेवरचा विरोध वाढतो. लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांच्या वाटा मोजल्या, तर वाढलेल्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे इजा असते. लोखंडाने मार खाल्ला की ते पोचा दाखवते. ही फळी दाखवत नाही. वरचा थर उसळून पुन्हा सपाट होतो आणि घाव आत राहतो. डोळ्याला न दिसणारा तो घाव विजेला मात्र चुकवता येत नाही.

निशाने तीनदा मोजणी केली होती. शुक्रवारी सकाळी, फळी साच्यातून निघाल्यावर. शनिवारी संध्याकाळी, शेड बंद होण्यापूर्वी. आणि सोमवारी सकाळी नऊला. सोमवारचे आकडे जेमतेम उतरवून झाले, तोवर पाहुण्यांची गाडी आली आणि वही तशीच राहिली.

त्रिशलाबाईंनी खुर्ची ओढली. बाबगोंडा पाटील त्यांच्या खांद्यावरून बघत होते. दोघेही शिरोळ तालुक्यातल्या एकाच गावचे, त्यामुळे ते त्यांना अक्का म्हणत.

"बघा की अक्का," ते म्हणाले, "शनवारपेक्षा सोमवारचा आकडा सगळीकडंच वाढलाय. एक जागा सोडली न्हाय. म्हंजे फळी सगळीच कच्ची."

"सोमवारी सकाळी इथे थंडी किती होती?" त्रिशलाबाईंनी निशाला विचारले.

निशाने पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. शनिवारी सत्तावीस अंश, सोमवारी सतरा. तापमान तिने प्रत्येक वेळी लिहिले होते.

"कार्बनचा स्वभाव तांब्याच्या उलटा," त्रिशलाबाई म्हणाल्या. "तांब्याचा विरोध उन्हाने वाढतो, ह्याचा थंडीने वाढतो. सगळीकडे सारखीच वाढ आहे ना, ती थंडीची. आधी ती वजा करू."

त्यांनी वजाबाकी करायला घेतली. शुक्रवार आणि शनिवार तंतोतंत जुळले. भट्टीत फळी कच्ची राहिली असती, तर शुक्रवारचे आकडेच जागोजागी वेडेवाकडे आले असते. ते नितळ होते. सोमवारच्या पानावर मात्र, थंडी वजा केल्यावरही, काही चौकटी शून्यावर यायला तयार होईनात.

त्यांनी त्या लाल पेनने रंगवल्या आणि पान सगळ्यांपुढे धरले. फळीच्या वरच्या थरात, अगदी मधोमध, एका सरळ रेषेत पाच जागा होत्या. फळी त्यातल्या तिसऱ्या जागी मोडली होती.

"ही फळी कच्ची नव्हती," त्या म्हणाल्या. "शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत कुणीतरी हिला पाच वेळा मारलंय."

३

रविवार सुट्टीचा. पहारेकऱ्याच्या वहीत त्या दिवशी तीनच नावे होती.

पहिले नाव तानाबाईचे. पाहुणे येणार म्हणून ती शेड झाडायला आली होती. त्रिशलाबाईंनी विचारले, तशी तिने कंबरेवर हात ठेवून सांगून टाकले की खिडकीची जळमटे काढताना पाण्याची लोखंडी बादली त्या काळ्या फळीच्या टोकाला ठेवली होती.

"ठिवली, आपटली न्हाय. आणि आपटली आसती तर सांगितलं न्हवतं व्हय? मला काय तुमच्या फळीचं भ्या हाय?"

ती जाताना वळून आणखी एक गोष्ट म्हणाली. पाटीलसाहेबांनी त्याच फळीवर खुर्च्यांची चळत लावलेली तिने पाहिली होती.

दुसरे नाव बाबगोंडा पाटलांचे होते. त्रिशलाबाईंनी त्यांना खुर्च्यांविषयी विचारले तेव्हा त्यांनी आधी पहारेकऱ्याला, मग तानाबाईला नावे ठेवली. शेवटी त्यांनी कबूल केले. पाहुण्यांसाठी कचेरीतून आणलेल्या आठ लोखंडी खुर्च्या त्यांनी खरोखरच घटकाभर फळीवर ठेवल्या होत्या. सोमवारी फळी मोडली तेव्हा त्यांना आधी त्या खुर्च्याच आठवल्या होत्या.

"म्हणून निशाचं नाव घेतलंत?"

"मुलीच्या लग्नाचं बघतोय, अक्का. ह्या वयात दुसरी नोकरी कुठनं आणू?" त्यांनी कपाळ पुसले. "मीच मोडली म्हणायची."

त्रिशलाबाईंनी लाल चौकटींचे पान त्यांच्यापुढे सरकवले. खुर्च्यांच्या चळतीचे पाय चार आणि त्यांचा आकार चौकोनी. बादलीचा डाग पडला असता तर एकच, तोही टोकाला. इथे जागा पाच होत्या आणि एका ओळीत होत्या. पडलेली वस्तू अशी ओळ धरून पडत नाही. मोडायच्या हेतूने मारणारा माणूसही असे मोजूनमापून मारत नाही. तारांमधले अंतर अडीच इंच होते आणि घाव बरोबर दर तिसऱ्या तारेवर होते. म्हणजे दर साडेसात इंचांना एक.

"तुम्ही नाही मोडली," त्या म्हणाल्या. "पण मोडली असं वाटत असताना तुम्ही काय केलंत, ते तुम्हाला माहीत आहे."

पाटलांनी मान खाली घातली.

तिसरे नाव वाचून त्रिशलाबाईंनी वही मिटली आणि निशाकडे बघायचे टाळले. ते नाव दादासो कुरणे असे होते. निशाचे वडील.

४

दादासो बुधवारी सकाळी मुरगूडहून आले. साठीच्या पुढचा, रुंद मनगटांचा माणूस. अरिहंत शेटे यांच्या वडिलांच्या फाउंड्रीत त्यांनी पस्तीस वर्षे ओतकाम केले होते. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या बांधावर राबले, ते स्वतः भट्टीपुढे उभे राहिले आणि मुलगी त्याच मालकाच्या मुलाच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून आकडे लिहू लागली. निवृत्त झाल्यावरही शेडचे बारीकसारीक ओतीव काम ते करून देत. चाचणीसाठी फळीखाली ठेवायच्या बिडाच्या दोन घोड्या त्यांनीच ओतल्या होत्या आणि रविवारी त्या पोहोचवायला ते आले होते.

त्रिशलाबाईंनी त्यांना चहा दिला आणि घोड्यांविषयी विचारले. दादासो खुलले. एका घोडीशी वाकून त्यांनी डावा पंजा पसरला आणि अंगठा-करंगळी, अंगठा-करंगळी करत तिची लांबी मोजून दाखवली.

"आठ वीत. टेप लावून बघा, पाच फुटाला सुताचा फरक न्हाय."

त्रिशलाबाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. पाच फूट म्हणजे साठ इंच. त्यात आठ विती. इतक्या मोठ्या पंजाच्या माणसाची वीत नऊ इंच तरी भरायला हवी होती. मग त्यांचे लक्ष दादासोंच्या डाव्या करंगळीकडे गेले. ती अर्धीच होती.

"एकाहत्तर साली साच्याखाली सापडली," दादासो हसून म्हणाले. "तवापास्नं माझी वीत येगळी. पर माप चुकत न्हाय."

मग ते जुन्या फाउंड्रीविषयी बोलत राहिले. ओतीव मालाला चीर असली की ती डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळते. वीत-वीत सोडून हातोडीने ठोकायचे. चांगला माल घंटेसारखा बोलतो, चिरलेला भद्द बोलतो. एकदा पंपाच्या चाळीस कवचांतली तीन त्यांनी नुसत्या आवाजावरून बाजूला काढली. थोरल्या शेटेंनी ती फोडून बघितली, तर तिन्हींच्या आत चिरा. तेव्हापासून दादासोंनी ऐकल्याशिवाय त्या फाउंड्रीतून एकही नग बाहेर गेला नाही.

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. ते काही लपवत नव्हते. त्यांना ठाऊकच नव्हते.

त्रिशलाबाई कोल्हापूरला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून विचार करत होत्या. गोगटे यांना सांगायला पाच जागा आणि तीन तारखा पुरेशा होत्या. मारणारा अज्ञात, असे लिहून अहवाल संपवता आला असता. पण मग उद्या कुणीही विचारले असते की रविवारी कोण आले होते. संशय तानाबाईवर गेला असता, पाटलांवर गेला असता आणि शेवटी फिरून निशावर आला असता. खरे नाव लिहायचे तर ते निशाच्या बापाचे होते.

त्यांनी ठरवले की ते नाव त्या उच्चारणार नाहीत. ज्याचे आहे त्यालाच ते सापडू द्यायचे.

५

गुरुवारी गोगटे अकराला येणार होते. त्रिशलाबाईंनी दादासोंना नऊलाच बोलावले होते. शेडमध्ये निशा आणि त्या दोघीच होत्या.

मोडलेल्या फळीचे दोन्ही तुकडे बाकावर जुळवून ठेवले होते. त्रिशलाबाईंनी दादासोंच्या हातात खडू आणि एक रुपयाचे नाणे दिले.

"नाण्याच्या कडेने हळूच वाजवा. जिथे आवाज बसलाय तिथे खूण करा. मी माझा कागद नंतर उघडते."

"हातोडी आनलीया की मी."

"हातोडी नको. नाणंच."

दादासोंनी डोळे मिटले. नाणे फळीवरून टक टक करत निघाले. आवाज हलका, कोरडा, एकसारखा. एका ठिकाणी ते थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले आणि खडूने छोटा गोल काढला. वीस मिनिटांत त्यांनी सगळी फळी ऐकली आणि डोळे उघडले. काळ्या पाठीवर पाच पांढरे गोल होते.

त्रिशलाबाईंनी घडी घातलेला कागद उलगडून फळीच्या कडेला लावला. पाच लाल चौकटी, पाच पांढरे गोल. कुठेही बोटभराचा फरक नव्हता.

दादासो खुशीत हसले. मीटर दोन वर्षांत जे शिकले ते त्यांच्या कानाने वीस मिनिटांत केले होते, आणि तेही मुलीच्या देखत. मग सवयीने, दोन गोलांमधले अंतर बघावे म्हणून, त्यांनी डावा पंजा पसरला.

अंगठा एका गोलावर बसला. अर्धी करंगळी दुसऱ्यावर.

त्यांनी पंजा उचलला आणि पुढच्या दोन गोलांवर ठेवला. पुन्हा पुढच्या. चौथ्यांदा हात ठेवला तो त्यांना लवकर उचलता आला नाही.

"ह्ये माझं हाय," ते म्हणाले.

निशा पुढे झाली. "आबा?"

"आयतवारी. घोड्या उतरवल्या आणि तुझी फळी बघितली. कुणी न्हवतं." ते थांबून थांबून बोलत होते. "माझ्या पोरीनं केलेली वस्तू. आतनं कशी बोलतीया ऐकावं वाटलं. बीड तपासायची हातोडी व्हती पिशवीत. एकेका जागी तीनदा वाजवलं. पयला आवाज लई ग्वाड आला. तिसऱ्याला जरा बसल्यागत वाटला, मी म्हटलं ह्या जिनसाची बोलीच आशी आसंल. घरी जाऊन तुझ्या आईला सांगितलं, निशाचा नग ठणठणीत हाय."

तीन दिवस तिने स्वतःची प्रत्येक नोंद तपासली होती, भट्टीवर संशय घेतला होता, स्वतःच्या हातांवर घेतला होता. घरात आबांनी रोज तिला धीर दिला होता.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "नाव नका लिहू. मार बाहेरून लागला, एवढं पुरे आहे. पस्तीस वर्षांत आबांच्या हातून एक नग मोडला नाही. लोक हेच लक्षात ठेवतील."

बाहेर गाडीचा आवाज झाला. गोगटे ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आले होते.

६

गोगटे यांनी तिन्ही पाने उभ्यानेच वाचली. त्यांचे प्रश्न नेमके होते. थंडी कशी वजा केली, तारांचे अंतर किती, शनिवारचे आकडे कुणी घेतले. शेवटी त्यांनी विचारले की हे पाच ठोके कुणी मारले हे कळले आहे का.

अरिहंत शेटे त्रिशलाबाईंकडे बघू लागले. बाबगोंडा पाटील जमिनीकडे. त्रिशलाबाईंनी पेनाला टोपण लावले.

"मी मारलं," दादासो म्हणाले. "दादासो कुरणे. ह्या पोरीचा बाप."

त्यांनी सगळे सांगितले, हातोडी पिशवीतून काढून बाकावर ठेवली आणि नाणेही शेजारी ठेवले. गोगटे यांनी ते नाणे उचलून मोडक्या फळीवर वाजवले, गोलाच्या आत आणि गोलाच्या बाहेर. दुसऱ्यांदा वाजवताना ते वाकून ऐकत होते.

"आम्हाला ह्यासाठी बाहेरून माणूस बोलवावा लागतो," ते म्हणाले. "दुसरी फळी कुठे आहे?"

त्याच आठवड्यात, त्याच भट्टीतून, त्याच हातांनी काढलेली दुसरी फळी निशाने आणली. तिला तारा जोडलेल्या नव्हत्या. गोगटे यांनी नाणे दादासोंपुढे धरले. दादासोंनी ते घ्यायला वेळ लावला. मग त्यांनी फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकली आणि खडू खाली ठेवला. कुठेही गोल काढावा लागला नव्हता.

पोती बाबगोंडा पाटलांनी स्वतः उचलली. सहावे ठेवताना त्यांनी निशाकडे पाहिले आणि तिने मान हलवल्यावरच हात सोडला. सातवे गेले. आठवे, नववे, दहावे. बिडाच्या घोड्यांवर काळी फळी किंचित वाकली आणि थांबली. तासभर गोगटे घड्याळ बघत फळीपाशी उभे होते. तानाबाई बादली हातात धरून दारात उभी होती; ती खाली ठेवायचे तिला सुचले नाही. पोती उतरवली तेव्हा फळी होती तशी सरळ झाली.

गोगटे यांनी वहीत सही केली. अरिहंत शेटे निशापाशी येऊन म्हणाले की भट्टी आज दुपारीच पेटवायची आहे, आणि सोमवारी आपण जे बोललो ते बोलायला नको होते.

अहवालाचे शेवटचे रकाने भरायचे राहिले होते. त्रिशलाबाईंनी इजेचे कारण लिहिले आणि पेन थांबवले. पुढचे त्यांना लिहायचे नव्हते.

"लिवा," दादासो म्हणाले. "मोडली कुनी त्ये लिवा. आणि सापडवली कुनी, त्येबी लिवा. दोन्ही माझंच हाय. आर्धं लिवलं तर खोटं व्हईल."

निशाने मॅडमच्या हातातून पेन घेतले. वळणदार अक्षरात तिने इजा करणाऱ्याच्या रकान्यात दादासो भिवा कुरणे असे लिहिले. खाली तपासणीची रीत असा रकाना होता. तिथे तिने विद्युत विरोध मोजणी, डॉ. त्रिशला खोत असे लिहिले. त्याखाली ओळ आखली नव्हती. तिने पट्टी घेऊन ती आखली, नाण्याच्या आवाजावरून तपासणी असे लिहिले आणि वडिलांचे पूर्ण नाव दुसऱ्यांदा लिहिले.

दादासोंनी दोन्ही नावांवरून बोट फिरवत ती वाचली. मग त्यांनी हातोडी पिशवीत टाकली आणि रुपया सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला.